टाकीची जाळी

काका, तुम्हाला जाऊन एकतीस वर्षं झाली, आणि मी पत्र लिहायला बसलो आहे ते एका टाकीबद्दल. रास अल खैमाच्या आपल्या कॉलनीतली, सुतारशेडच्या मागची, लोखंडी झाकणाला कुलूप असलेली ती सिमेंटची टाकी. तिच्याबद्दल एक गोष्ट मला तुम्हाला सांगायची होती. ती राहिली. गेल्या आठवड्यात कंपनीच्या ऑफिसातून एका मुलीचा फोन आला नसता, तर ती माझ्याबरोबरच संपली असती.

मुलगी पुण्याची. आवाजावरून पंचविशीतली. "काका, तुम्हीच ते फायरवाले ना? जुनी कॉलनी डिमॉलिश होतेय. गेटपाशी एक हेरिटेज वॉल करतोय आम्ही. तुमच्या व्हॉलंटियर फायर स्क्वाडची हिस्टरी हवी होती. अडीचशे शब्द. गुरुवारपर्यंत, प्लीज." मी म्हटलं, अडीचशे शब्दांत तर माणसं मोजूनही व्हायची नाहीत. ती हसली. "अहो, भिंत छोटी आहे." मग कागद चाळल्याचा आवाज आला आणि ती सहज म्हणाली, "फाइलमध्ये एवढंच आहे की पहिले लीडर निग्लिजन्समुळे रिलीव्ह झाले, आणि नंतर एकोणीस वर्षं तुम्ही होतात. बरोबर ना?"

मी म्हटलं, "बघून सांगतो." एकोणीस वर्षं त्या दलाचा प्रमुख होतो मी. त्यात बघून सांगण्यासारखं काय होतं?

आता मी इथेच आखातात, खलिफा सिटीत मुलाकडे असतो. सकाळी साडेसातला तीन दारं एकामागून एक लागतात, मुलाचं, सुनेचं, नातीचं, आणि मग संध्याकाळपर्यंत या व्हिलात एसी आणि मी. डोक्यावरून विमानं जातात, इतकी खाली की पोटावरचे आकडे वाचता यावेत. मी सहावी-सातवीतल्या कविता म्हणतो, मोठ्यानं, चालीवर. भिंती ऐकतात. एकदा नात लवकर घरी आली आणि दारात उभी राहून म्हणाली, "आजोबा, हू आर यू टॉकिंग टू?" मी म्हटलं, वृत्त म्हणतोय गं. "ओके," म्हणाली, आणि इअरफोन लावून वर गेली. तिची चूक नाही. वृत्त म्हणजे काय हे मी तिला कधी सांगितलंय? माझी बायको गेली, आता मला तिची आठवण येते, आणि या घरात तिचं नाव काढलं की सगळे हळू बोलू लागतात. म्हणून मी नाव काढत नाही.

तुम्ही माझे शिक्षक नव्हतात. साखर कारखान्यातून आलेले स्टोअरकीपर होतात, आणि मी सिमेंट प्लँटच्या लॅबमधला नवा केमिस्ट. पण शिक्षक म्हटलं की शाळेतल्या कुणाच्याही आधी मला तुम्ही दिसता: खाकी अर्धी बाही, कानावर पेन्सिल, आणि मागे डोंगर, ज्यांच्यावर एक झाड नाही. मेसच्या स्वयंपाकघरात सिलिंडर पेटला तेव्हा शहरातून गाडी यायची तर रस्ता लांबचा होता. ती आली तोवर गोव्याच्या आचाऱ्यानं ओली पोती टाकून आग विझवली होती आणि कोपरापर्यंत भाजून घेतलं होतं. दुसऱ्या दिवशी तुम्ही मेसच्या दाराशी खडूनं लिहिलंत, हिंदीत आणि मोडक्या इंग्रजीत: शुक्रवार सकाळ, सहा, टाकीजवळ, ज्याला यायचं त्यानं या. अकरा जण आले. पठाण सुतार तिघं, केरळचे दोन वायरमन, सुदानी टाइमकीपर, पट्टी बांधलेला तो आचारी, आणि बाकीचे आपण. मी आलो ते सुट्टीच्या दिवशी खोलीत एकटं बसवत नव्हतं म्हणून. तुम्ही ते ओळखलंत. "करमत नाही ना? मग बादली उचला," म्हणालात.

पंप मिळायला सात महिने लागले. ट्रॉलीवरचा हातपंप, दोघांनी दोन बाजूंनी दांडा मारायचा. त्याची नळी टाकीत सोडलेली, आणि नळीच्या तोंडाशी कचरा अडवणारी पितळी जाळी. ती जाळी दर महिन्याच्या एक तारखेला काढून धुवायची, हा तुमचा नेम. पंप येईपर्यंत सगळी भिस्त बादल्यांच्या रांगेवर. आणि रांग काही केल्या जमेना! प्रत्येक जण आपापल्या भाषेत मोजायचा. कुणी लवकर वळे, कुणी उशिरा, बादल्या एकमेकींवर आपटत आणि पाणी आगीपेक्षा पायांवर जास्त. तुम्ही चिडून म्हणालात, "ही काय रांग आहे का? लग्नातली पंगत बरी." तेव्हा मी भीतभीतच म्हटलं, साहेब, भुजंगप्रयातात करून बघू या का?

"कशात?"

मी समजावून सांगितलं. एक आखूड अक्षर, दोन लांब. लगागा लगागा लगागा लगागा. आखूडाला बादली घ्यायची, पहिल्या लांबाला वळायचं, दुसऱ्याला पुढच्याच्या हातात द्यायची. तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत की जमीन दुभंगावी. "आग लागलीय आणि आपण भोंडला खेळायचा? अहो, लॅबमध्ये काम करता की शाळेत?" सगळ्यांसमोर. माझे कान तापले. पण पुढच्या शुक्रवारी तुम्हीच म्हणालात, "हां, कवी, ते तुमचं काय ते सुरू करा बघू." मी सुरू केलं. थोरला सुतार ओरडला, "लगा, गा? क्या लगाऊँ, क्या गाऊँ उस्ताद?" आणि रांग हसून मोडली. तिसऱ्या खेपेला मात्र काय झालं कोण जाणे, अकरा माणसं एकाच अंगानं वळू लागली. टाकीपासून शेडपर्यंत बादली अशी सरकत गेली जशी कवितेत ओळ सरकते. सुदानी टाइमकीपरचा खर्ज, पठाणांचा चढा सूर, केरळच्या पोरांचं "लेगागा". त्या ओसाड डोंगरांखाली मराठी वृत्त चाललं होतं, आणि म्हणणाऱ्यांपैकी सात जणांना मराठीचं अक्षर माहीत नव्हतं. तुम्ही शिट्टी तोंडातून काढलीत आणि म्हणालात, "शाळा वाया गेली नाही म्हणायची." त्यानंतर मी 'अहो'चा 'अरे' झालो आणि तुम्ही साहेबांचे काका.

त्या वर्षी रजेवरून येताना तुम्ही माझ्यासाठी सहावीचं मराठीचं जुनं पाठ्यपुस्तक आणलंत, रद्दीतून. कव्हर नव्हतं. कुण्या मुलानं पानापानावर पेनानं मिशा काढल्या होत्या. "घे, तुझं औषध," म्हणालात, आणि लगेच पाठ फिरवून लोणच्याच्या बरणीचं झाकण बघत बसलात. मला तेव्हा कळलं नाही की लाजरा माणूस देतो तेव्हा असाच देतो.

हे सगळं मी भिंतीसाठी सहज लिहिलं असतं. अडचण पुढची आहे.

माझं लग्न झालं, बायको आली. पहिल्याच भाद्रपदात तिनं गणपती आणला, शाडूचा, वीतभर, विमानात मांडीवर धरून. पाच दिवस आपली सगळी कॉलनी आरतीला. तुम्ही झांजा वाजवल्यात, ताल सोडून. पाचव्या दिवशी विसर्जनाचा प्रश्न आला. समुद्रावर जायची हिंमत कुणाची नव्हती. बाकीची मराठी घरं बादलीत करायची. माझी बायको बादलीकडे बघत राहिली. "यात? ज्यात आपण फरशीचं फडकं पिळतो, त्यात?" डोळे भरून आले तिचे. आणि मला, कवितेनं डोकं भरलेल्या माणसाला, त्या कॉलनीत शांत, खोल, झाकलेलं असं एकच पाणी दिसलं.

टाकीची दुसरी किल्ली माझ्याकडे होती. तुम्हीच दिली होतीत, उपप्रमुख म्हणून. दुपारी दोन वाजता, सप्टेंबरचं ऊन, कुत्रंही बाहेर नाही. आम्ही दोघं गेलो. मी झाकण उचललं, बायकोनं मूर्ती माझ्या हातात दिली, हळूच पुटपुटत आरती म्हटली. मी पालथा पडून हात खांद्यापर्यंत पाण्यात घातला आणि मूर्ती सोडली. ती डोळ्यांदेखत खाली खाली गेली, मुकुट शेवटी दिसेनासा झाला. मला काय वाटलं सांगू? इतकं सुंदर विसर्जन मी देशातही पाहिलं नव्हतं. बायको येताना माझा हात धरून चालत होती, त्या उन्हात. दिवसभर माती आणि चुनखडी चाळण्यांतून काढणारा मी केमिस्ट, काका, आणि शाडू विरघळून नळीच्या तोंडाशी बसेल हे माझ्या मनातही आलं नाही. आलं असेल तर मी ते बसू दिलं नाही.

विसर्जनानंतर नवव्या दिवशी सुतारशेड पेटली. दुपारची वेळ, शेजारी वेल्डिंग, ठिणगी भुशात. तुम्ही पंपाशी पोचलात तेव्हा मी तुमच्या मागेच होतो. दोघांनी दांडा मारायला सुरुवात केली, पाणी आलं, गढूळ आलं, मग बोटाएवढं झालं, मग दांडा हलेना. तुम्ही खाली वाकून नळी ओढलीत. जाळीवर करडा चिखल लिंपलेला, बोटभर जाड. तुम्ही तो हातानं खरवडलात, पुन्हा नळी सोडलीत, पुन्हा तेच. आणि मग तुमचा आवाज: "बादल्या! कवी, लाव रांग!"

मी रांग लावली. लगागा लगागा. तो आवाज माझा होता असं आजही वाटत नाही. अकरांचे तीस झाले, मेसमधून, खोल्यांतून माणसं येऊन रांगेत शिरली आणि कुणी न सांगता वृत्तात वळू लागली. पुढची घरं वाचली. माणूस एकही दगावला नाही. पण शेड गेली, आणि शेडला लागून सुतारांची खोली गेली. थोरल्या सुताराच्या पत्र्याच्या ट्रंकेत त्याच्या आईच्या कॅसेट होत्या. तिला लिहिता येत नव्हतं, म्हणून ती गावाकडून बोलून टेप पाठवायची. वर्षापूर्वी वारली होती. त्यानं ट्रंक उघडली, तर आत काळा गोळा. तो रडला नाही. तो गोळा कानाला लावून बसला. मी तिथून निघून गेलो.

प्लँट मॅनेजरनं दुसऱ्या दिवशी सगळ्यांना उभं केलं. पंप का चालला नाही? तुम्ही पुढे झालात. "जाळी चोक झाली, सर. महिन्याच्या एक तारखेला साफ करायची असते. या वेळी भट्टीच्या शटडाउनमुळे माझ्याकडून राहिली. सिमेंटची धूळ बसली असणार. माझी चूक." आपल्याकडे धूळ काय, चिखल काय, शाडू काय, सगळं एकाच रंगाचं. मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं, काका. तुम्ही माझ्याकडे न बघता हात थोडासा वर केलात, थांब म्हणून. आणि मी थांबलो. बायकोला तिसरा महिना होता. मी मनाशी म्हटलं, यांना माहीत आहे. यांनी किल्लीचा हिशोब लावला आहे आणि हे मला पाठीशी घालत आहेत.

महिनाभरात तुमचा व्हिसा कॅन्सल झाला. फाइलवर शेरा बसला. मी एअरपोर्टच्या बसपर्यंत सोडायला आलो, तुमची दोरीनं बांधलेली बॅग माझ्या हातात. तुम्ही शिट्टी काढून माझ्या खिशात घातलीत. "आता तू बघ. एक तारखेला जाळी. विसरू नको. मी विसरलो बघ." आणि हसलात. त्या हसण्यावर मी आयुष्य काढलं. मला वाटलं, केवढा मोठा माणूस! जाताजाताही आरोप करत नाही, उलट आपल्याच माथी घेतो. मी घरी येऊन बायकोला सांगितलं, काकांना सगळं कळलंय, त्यांनी माफ केलंय. ती देवापुढे दिवा लावून बसली. पुढे एकोणीस वर्षं मी एकही एक तारीख चुकवली नाही. लोक कौतुक करायचे. मी म्हणायचो, आमच्या काकांची शिस्त.

रजेवर तेरा वेळा देशात आलो. तुमचं कऱ्हाडचं घर माझ्या रस्त्यावर होतं. एकदाही आलो नाही. मनात म्हणायचो, क्षमा करणाऱ्याला भेटून लाजवायचं कशाला. तुम्ही गेल्याचं पत्र आलं तेव्हाही मी हेच म्हटलं.

आता त्या मुलीला फोटो हवा होता, म्हणून मी शोध काढत तुमच्या मुलीला फोन केला. बँकेतून रिटायर झाली आहे ती. मी नाव सांगितलं, तर ओरडलीच, "अय्या, कवीकाका? आखातातले?" तिनं मला कधी पाहिलेलं नाही. "बाबा तुमच्याबद्दल किती बोलायचे! म्हणायचे, माझ्या हातून जाळी राहिली आणि त्या कवीनं रांग लावून कॉलनी वाचवली, नाहीतर माझ्यापायी माणसं मेली असती."  ती बोलत राहिली, सहज, जुनी गंमत सांगावी तशी. "परत आल्यावर बाबांचं एक झालं होतं बघा. बाहेर पडायचं म्हटलं की गॅस, नळ, कुलूप, तीन-तीनदा. एसटी स्टँडवरून परत यायचे. लग्नांना आम्ही कायम उशिरा! आई चिडायची. म्हणायचे, एकदा माझ्याकडून राहिलंय, माझा मला भरवसा नाही."

म्हणजे तुम्हाला माहीत नव्हतं.

तुम्ही कुणाला पाठीशी घातलं नव्हतं. शटडाउनमध्ये एक तारीख खरोखरच राहिली होती आणि तुम्ही तेवढंच, जसंच्या तसं सांगितलं होतं. बसपाशी तुम्ही मला सांगत होतात तो उपदेश नव्हता आणि मोठेपणही नव्हतं; एक खचलेला माणूस आपली चूक दुसऱ्यानं करू नये म्हणून सांगत होता. मी ते माझ्यासाठी क्षमा म्हणून घेतलं. एका तारखेची धूळ बोटभर जाड बसत नाही, हे मी केमिस्ट एका वाक्यात सांगू शकलो असतो. त्या वाक्याअभावी तुम्ही पुढची सगळी वर्षं स्वतःच्या हातांकडे संशयानं बघत काढलीत. आणि मी इकडे तुमच्या मोठ्या मनावर विसंबून निवांत झोपत होतो.

मी फोनवर म्हटलं, "एखादा चांगला फोटो पाठवा."

भिंतीचा मजकूर मी लिहिला, इंग्रजीत, खरा. जाळी मातीनं बंद झाली, ती माती मी टाकली, प्रमुखांचा दोष नव्हता. पुण्याच्या मुलीचं उत्तर आलं: "सो टचिंग, काका! फक्त मूर्तीचा भाग सेन्सिटिव्ह होईल, म्हणून आम्ही ट्रिम करतोय. निग्लिजन्सची लाइन काढून टाकली, डोन्ट वरी." तेव्हा आता तुमच्या फोटोखाली फक्त 'संस्थापक' असेल, माझ्याखाली 'एकोणीस वर्षं सेवा'. भिंतीपुरतं भागलं. नातीला दाखवलं. ती म्हणाली, "कूल, आजोबा. यू नेव्हर टोल्ड अस." मी म्हटलं, तुम्ही कधी विचारलं नाही. ते खरं नव्हतं. लहानपणी तिनं विचारलं होतं, एकदा नाही, दोनदा.

काल तुमच्या मुलीचा मेसेज आला. तुमचा फोटो आहे, घराच्या पायरीवर बसलेला, केस सगळे गेलेले, हातात कुलूप. खाली तिनं लिहिलं आहे: "काका, बाबांबद्दल काय लिहिलंत ते मराठीत पाठवाल का? आईला वाचून दाखवते. नव्वदीची झाली, ऐकू कमी येतं, पण बाबांचं काही असलं की जवळ येऊन बसते."

मराठीत लिहून झालं आहे. हेच ते. सकाळपासून दोनदा वाचलं, शुद्धलेखन तपासलं, कुठे काही खोटं राहिलेलं नाही. तिला मी कळवलं, सध्या डोळ्यांना त्रास आहे, लिहिणं होत नाही, बरं वाटलं की पाठवतो.

माझ्या डोळ्यांना काही झालेलं नाही, काका.